मातीमोल आणि काडीमोल

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावचे घर बंद करायचे ठरले. आजीचे गुडघे साथ देईनासे झाले होते. विहिरीपर्यंत जाणे तर सोडाच, ओसरीची पायरी उतरणेही तिला जड जात होते. तेव्हा तिने यवतमाळला आमच्याकडे राहायला यावे आणि घरातले सामान काढून टाकावे, असा निर्णय झाला. निर्णय अर्थात बाबांचा. आजीने मान तेवढी हलवली.

सामान काढायला भंगारवाला बोलावला. अंगणात ताडपत्री अंथरून त्याने तराजू मांडला. पितळेचा गुंड, दोन गडवे, लोखंडी कढई, तुटलेली बादली, जुनी पावशी अशा वस्तू एकेक करून तराजूवर चढल्या. माझ्याकडे वही होती. वस्तू, वजन, दर, रक्कम असे चार रकाने पाडून मी टिपत होते. धातूच्या वस्तू संपल्या आणि मग राहिल्या त्या माठ, रांजण, सूप, टोपली, खराटा, फडा, लाकडी चाटू आणि शिंके. भंगारवाल्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "याचं काही येत नाही, दादा," एवढेच तो बाबांना म्हणाला. मी वहीत त्या नावांपुढे शून्य लिहिले.

एवढा वेळ आजी खाटेवर गप्प बसली होती. तिने हात पुढे करून सूप उचलले. त्याच्या एका कडेची कमटी सुटली होती. "हे कायले फेकता? अजून दोन वर्स चालते," ती म्हणाली. ते सूप, माठ आणि पावशी या तीन वस्तूंशिवाय आपण गाडीत बसणार नाही, असे तिने सांगून टाकले. पावशी भंगारवाल्याच्या ढिगातून परत काढावी लागली. तिचे पैसे वजा झाले, आणि माझ्या वहीतला हिशेब तिथेच एकदा चुकला.

मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. त्या दिवशी वहीत लिहिलेली ती शून्ये माझ्या डोक्यातून गेली नाहीत. त्या शून्यांचा अर्थ शोधता शोधता जे हाती लागले, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या मराठीत निरुपयोगी वस्तूला तीन शब्द आहेत : मातीमोल, काडीमोल आणि कवडीमोल. पैकी कवडी चलनातून केव्हाच गेली. तिचे सोडून देऊ. पण माती आणि काडी अजून आपल्या घरात आहेत. माठ मातीचा आणि खराटा काड्यांचा. म्हणजे भाषेनेच त्यांची किंमत ठरवून ठेवली आहे म्हणायची! भंगारवाल्याला तरी काय बोल लावावा?

हे कोडे अर्थशास्त्राला नवे नाही. ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात ते मांडले. पाण्यावाचून माणूस जगू शकत नाही, पण पाणी जवळजवळ फुकट मिळते. हिऱ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, पण हिऱ्याला मात्र प्रचंड किंमत पडते. असे का? स्मिथने उपयोगिता-मूल्य आणि विनिमय-मूल्य असे दोन भेद केले आणि कोडे तसेच राहू दिले. पुढे शंभर वर्षांनी, १८७१ मध्ये इंग्लंडात जेव्हन्स आणि ऑस्ट्रियात मेंगर यांनी, आणि १८७४ मध्ये स्वित्झर्लंडात राहणाऱ्या वालरासने स्वतंत्रपणे त्याची उकल केली. किंमत ठरते ती वस्तूच्या एकूण उपयोगावरून नव्हे, तर हाताशी आलेल्या शेवटच्या नगाच्या उपयोगावरून. पाणी विपुल असल्यामुळे शेवटच्या तांब्याला मोल नाही. तोच तांब्या वाळवंटात एकच असेल तर मनुष्य त्याच्यासाठी बोटातली अंगठी काढून देईल.

यातूनच पुढे मार्शलने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक कल्पना रूढ केली. आपल्या क्रमिक पुस्तकात तिला 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' असे भारदस्त नाव आहे. परीक्षेत ते हमखास येते म्हणून आपण आकृतीसह पाठ करतो. अर्थ मात्र सोपा आहे. एखाद्या वस्तूवाचून राहण्यापेक्षा आपण जास्तीत जास्त किती पैसे मोजायला तयार होऊ आणि प्रत्यक्षात किती मोजले, यांतला फरक म्हणजे संतोषाधिक्य. मीठ, आगपेटी, वर्तमानपत्र ही त्याची नेहमीची उदाहरणे. मला वाटते, आपल्या भागात पुस्तके लिहिली गेली असती तर त्यांत माठ, खराटा आणि सूप आले असते.

माठाचेच पाहा. यवतमाळचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पारा ४२-४५ अंशांवर, वारा कोरडा ठणठणीत, वाळत घातलेला कपडा दांडीवर टाकून वळावे तो वाळलेला. आपल्याला शाप वाटणारा हा कोरडेपणा माठाच्या मात्र पथ्यावर पडतो. माठाच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. आतले पाणी त्यांतून पाझरून बाहेरच्या अंगावर येते आणि वाफ होऊन उडून जाते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता मागे उरलेल्या पाण्यातून काढून घेतली जाते.

किती? विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीने मला हा हिशेब करून दाखवला. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. उलट एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करायला एकच कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे माठातले दहा लिटर पाणी १५ अंशांनी उतरवायला जेमतेम पाव लिटर पाणी उडाले तरी पुरे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत शिरत असते, म्हणून थोडे जास्त उडते. पण हिशेब एवढाच. वीज नाही, यंत्र नाही, आवाज नाही. हवा जितकी कोरडी तितके पाणी गार. मुंबईला आत्याकडे हाच माठ ठेवला तर दमट हवेत त्याची निम्मीही करामत चालत नाही. 'तुमच्याकडचे माठ चांगले असतात,' असे आत्या दर वर्षी म्हणते. चांगली असते ती आमची हवा!

अशी भिंत जमवणे हे साधे काम नाही. कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद कालवतो. भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी छिद्रे राहतात. चाकावर काढलेले भांडे जाड बुडाचे असते. ते थोडे सुकल्यावर आतून गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत त्याचे पोट फुगवायचे आणि भिंत पातळ करायची. ठोका जास्त झाला तर फुटते, कमी पडला तर भिंत जाड राहते आणि पाणी गार होत नाही. मग आव्यात भाजायचे. कच्चे राहिले तर पाण्याने विरघळते, फार भाजले तर छिद्रे मिटून पाझरणेच बंद होते. आजी माठ घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून कानाने पारख करते. आवाज खणखणीत हवा, पण काशाच्या भांड्यासारखा नको, असे तिचे म्हणणे. या दोन आवाजांतला फरक मला अजून कळलेला नाही.

माठ म्हातारा होतो, हेही मला आजीकडूनच कळले. पाण्यातले क्षार छिद्रांत साचत जातात आणि दोनतीन उन्हाळ्यांनी पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. म्हणून आतून साबण लावायचा नाही, नारळाच्या शेंडीने हलके घासायचे. खाली वाळू घालायची आणि ती ओली ठेवायची. निवृत्त झालेल्या माठात पुढे तुरीची डाळ राहते किंवा त्याच्या बुडाला भोक पाडून तो तुळशीच्या रोपाला ठिबक पाणी देतो.

नायजेरियातले मोहम्मद बाह अब्बा नावाचे एक शिक्षक कुंभाराच्या घराण्यातले होते. त्यांनी एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि आत भाजी ठेवली. कोरड्या हवेत वांगी, टोमॅटो कितीतरी दिवस जास्त टिकू लागले. त्याबद्दल त्यांना २००० साली रोलेक्स पारितोषिक मिळाले. बातमी वाचून आजीला सांगितली तर ती म्हणाली, "वाळू तं आपनही घालतो." बक्षीस कोणाला मिळावे यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आजी आली त्याच मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ झाले, आमच्या वस्तीतले विजेचे खांब पडले आणि दीड दिवस वीज नव्हती. फ्रीज, पाणी शुद्ध करायचे यंत्र, मिक्सर हे सगळे मुके होऊन बसले. त्या दीड दिवसात घरातल्या पाच जणांनी आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी आजीच्या माठातले पाणी प्यायले. वहीत त्या माठापुढे मी शून्य लिहिले होते, हे मी कोणाला सांगितले नाही.

आता काडीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात तुरीचे पीक निघाले की शेताच्या बांधावर तुराट्यांचे भारे उभे राहतात. त्यांचे कूड होतात, चुलीत सरपण होते, आणि उरलेल्या बारीक काड्या एकत्र बांधल्या की अंगणासाठी खराटा तयार होतो. त्याला पैसे पडतच नाहीत. घरात झाडायला शिंदीच्या पानांचा फडा. तो मात्र विकत घ्यावा लागतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे आणि दुसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यात उभी करायची, ही आपली रीत. वर्षातून एक दिवस तरी तिला मान मिळतो, हेही कमी नाही.

या काडीला आणि मातीला आयुष्यभर मान देणारा एक माणूस आपल्याच भागात होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर. हातात खराटा आणि जवळ मडक्याचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा आणि मग संध्याकाळी कीर्तन करायचे. लोकांनी त्यांना त्या गाडग्यावरूनच नाव दिले, गाडगेबाबा. १९५६ साली अमरावतीजवळ वलगावला त्यांचे देहावसान झाले. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा आणि वसतिगृहे महाराष्ट्रभर आहेत. आपण सगळे ज्या विद्यापीठाची पदवी घेणार त्याच्या नावातही 'गाडगे' आहे. पदवीच्या कागदावर मातीचे एक फुटके भांडे छापलेले असते, हे पदवी घेणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल?

भंगाराच्या तराजूवर गेलेल्या गडव्यांबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली. पितळेला दर होता म्हणून ते शून्यातून वाचले. पण तराजूने मोजले ते फक्त पितळ. गडव्याच्या आकाराचे त्यात काही आले नाही. १९५७-५८ मध्ये भारत सरकारने अमेरिकेतले चार्ल्स आणि रे ईम्स हे रचनाकार दांपत्य इकडे बोलावले होते. लहान उद्योगांतल्या वस्तूंचा दर्जा कसा राखावा, याचा सल्ला त्यांच्याकडून हवा होता. काही महिने देशभर हिंडून त्यांनी १९५८ मध्ये अहवाल दिला. या देशात पाहिलेल्या वस्तूंपैकी सर्वांत सुंदर म्हणून त्यांनी कोणती निवडली असेल? ताजमहाल नाही, पैठणी नाही. त्यांनी निवडला साधा लोटा, म्हणजे आपला गडवा.

त्यांनी विचारलेले प्रश्न वाचण्यासारखे आहेत. त्यात किती पाणी मावावे? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहावा? डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसावा? ओतताना धार कशी पडावी? आत हात घालून घासता येईल एवढे तोंड हवे, पण पाणी हिंदकळणार नाही एवढी मान अरुंद हवी. आणि त्यांचे म्हणणे असे की, कोणा एका माणसाने बसून हे सगळे ठरवले नाही. पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी थोडे थोडे बदलत तो आकार आणला. त्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली. आमचे दोन्ही गडवे त्याआधीच वितळून गेले असावेत, असे तो अहवाल वाचताना मनात आले. अजून एखाददुसरा कोणाच्या घरी असेल तर त्याने भरून, उचलून, ओतून पाहावा.

असो. गडव्यापाशी मी फार रेंगाळले. खरे सांगायचे आहे ते सुपाबद्दल.

सूप म्हणजे बांबूच्या कमट्यांचा एक पाट, तीन बाजूंनी वर उचललेला आणि एका बाजूने मोकळा. यात यंत्र म्हणावे असे काही नाही. पण आजी त्याच्याने तीन वेगवेगळी कामे करते आणि तिन्हींना वेगळे शब्द आहेत. पाखडताना ती धान्य वर उडवते. हलका कोंडा खाली येताना रेंगाळतो आणि सुपाच्या पुढच्या धारेने उठलेल्या वाऱ्याबरोबर बाहेर जातो, तर जड दाणा सरळ खाली येऊन मागे सरकतो. घोळताना ती सुपाला आडवा झोका देते. मग हलके वर येते आणि खडा खाली बसतो. आणि निवडताना सूप मांडीवर स्थिर असते, हात चालतो, तोंडही चालते. मनगटाचा झटका किती द्यायचा हे ज्वारीला वेगळे, तांदळाला वेगळे, तुरीच्या डाळीला वेगळे. मी पहिल्यांदा पाखडले तेव्हा कोंडा माझ्या डोक्यात आणि अर्धी डाळ अंगणात गेली.

बाबांनी मधल्या काळात प्लॅस्टिकचे सूप आणून पाहिले. ते धुवायला सोपे, दिसायला छान. पण त्याच्या गुळगुळीत अंगावरून दाणे घसरतात. बांबूच्या विणीला जो बारीक खडबडीतपणा असतो तोच दाण्याला धरून ठेवतो. ते सूप आता चिल्लर सामान ठेवायला वापरतात. बांबूचे नवे सूप आणले की आजी जुन्या वर्तमानपत्राचा लगदा आणि वाटलेली मेथी एकत्र करून त्याला लिंपते. त्याने फटी बुजतात आणि बारीक दाणा अडकत नाही. मराठीत सभा-संमेलन संपले की त्याचे 'सूप वाजले' म्हणतात. एवढी ही वस्तू आपल्या बोलण्यात मुरलेली आहे.

गावाहून आणलेल्या सुपाची सुटलेली कमटी दिवाळीपर्यंत पार निघाली. तेव्हा नवे सूप आणायला मी आठवडी बाजारात गेले. भाजीच्या ओळीच्या टोकाला एक बाई सुपे आणि टोपल्या मांडून बसली होती. बुरुड समाजाचा हा परंपरेचा धंदा आहे. पण आपल्या जिल्ह्यात कोलामही बांबूकाम करतात. ही बाई झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावरची होती. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमाती अतिमागास आदिम म्हणून शासनाने वेगळ्या नोंदवल्या आहेत. त्यांतल्या कोलामांची वस्ती मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात. त्यांची कोलामी ही बोली द्राविड कुळातली. तरी बाजारात आमच्याशी ती बाई आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलत होती.

तिने दीडशे सांगितले. मी शंभर म्हटले. शेवटी एकशेवीसला जमले. मी सूप काखेत मारून विजयी मुद्रेने घरी आले.

आजीने सूप उलटेसुलटे करून पाहिले, कडेची बांधणी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाली, "चांगलं आहे. कितीले देल्लं?"

"दीडशे सांगत होती. एकशेवीसला आणलं."

"सुपाचं मोल कायले केलं, बाई? सोनाराजवळ तं तुमच्यानं तोंड उघडत नाही."

ती रागावली नव्हती. सहज म्हणाली आणि मेथ्या भिजत घालायला उठली. मग लगदा कालवता कालवता तिने सांगितले की, तिच्या सासरी टोपली घेतली की टोपलीभर ज्वारी द्यायची पद्धत होती. सूप घेतले तर सुपात मावेल तेवढी. म्हणजे वस्तू स्वतःच आपली किंमत मोजून घेत असे! टोपली मोठी विणली तर धान्य जास्त. घासाघीस करायला जागाच नव्हती. तो काळ सुखाचा होता असे मी म्हणत नाही. आजीच्याच सांगण्याप्रमाणे, टोपली विणणाऱ्याला ओसरीच्या वर पाऊल टाकू देत नसत. तेही याच हिशेबात धरले पाहिजे.

त्या रात्री मी पुन्हा ती वही काढली. सूप १२० रुपये. आजीच्या हातात ते चार वर्षे टिकते. म्हणजे दिवसाला आठ पैसे. आठ पैशांत रोजचे धान्य स्वच्छ. मार्शलच्या भाषेत बोलायचे तर संतोषाधिक्य भरघोस. इथवर सगळे पुस्तकाप्रमाणे झाले.

पुढच्या आठवड्यात मी परत बाजारात गेले. खरे तर कुतूहलानेच. गिऱ्हाईक नव्हते, म्हणून ती बाई बोलायला मोकळी होती. मी विचारत गेले, ती सांगत गेली. बांबू घरात आणलेला असेल तर दिवसाला दोन सुपे होतात. बांबू ताजा हवा. वाळला की फाटतो, वाकत नाही. आधी उभा चिरायचा, मग कमट्या सोलायच्या. वरच्या हिरव्या सालीच्या कमट्या मजबूत, त्या कडेला आणि आडव्या घालायच्या. बोटांना चिरा पडतात. तिने हात पुढे करून दाखवले. एका सुपापुरता बांबू आणि बाजारात यायचे भाडे असे मिळून चाळीस रुपये धरा, ती म्हणाली.

मी घरी येऊन पुन्हा आकडे मांडले. दीडशेतून चाळीस वजा जाता तिच्या हाताला ११० राहिले असते. मी एकशेवीस दिल्यावर राहिले ८०. मी बांबू स्वस्त केला नव्हता, गाडीभाडेही कमी केले नव्हते. ते सगळे तसेच्या तसे उभे होते. माझे तीस रुपये पूर्णपणे तिच्या मजुरीतून आले, आणि ते त्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त होते. किमतीत मला ती एक पंचमांश सूट वाटत होती.

आपल्या क्रमिक पुस्तकात संतोषाधिक्याची आकृती काढताना किमतीची रेषा आडवी असते आणि तिच्या वरचा त्रिकोण आपण पेन्सिलीने रंगवतो. किंमत खाली आली की त्रिकोण मोठा होतो, ग्राहकाचा संतोष वाढतो. रेषा खाली ओढताना ती कोणाच्या अंगावरून जाते, यावर एक गुणाचाही प्रश्न येत नाही. उत्पादकाचेही आधिक्य असते आणि तेही आकृतीत असते, असे सरांनी मला नंतर दाखवून दिले. ते बरोबर आहे. पण आमच्या वर्गात तो भाग रंगवल्याचे मला आठवत नाही.

आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचा फार पूर्वी विचार झाला आहे. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होते. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस, लंडनला शिकलेले. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आले. आकडे त्यांना कळत होते, म्हणूनच कदाचित त्यांनी आकड्यांवर विसंबायचे नाकारले. पैशातली किंमत वस्तूच्या मागचा सगळा व्यवहार दाखवत नाही, वस्तू कोणत्या परिस्थितीत बनली तेही तिच्याबरोबर आपल्या घरात येते, हा त्यांच्या लिखाणाचा गाभा. १९३८ मध्ये वर्ध्याला मगन संग्रहालय उघडले. तिथे ग्रामोद्योगाची अवजारे आणि वस्तू काचेमागे ठेवल्या आहेत. आमच्या वर्गाची सहल तिथे गेली होती तेव्हा आम्ही पंधरा मिनिटांत बाहेर आलो आणि उसाचा रस प्यायलो. आता पुन्हा जायचे आहे.

वस्तू महाग कराव्यात असे मला सुचवायचे नाही. सूप पाचशेला झाले तर आजीच्या गावातल्या निम्म्या घरांना ते परवडणार नाही आणि ती बाईही उपाशी राहील. स्वस्ताई हा या वस्तूंचा गुणच आहे. गरिबाच्या आणि सधनाच्या घरचा माठ सारखेच गार पाणी देतो. बांबू सुलभ झाला तर कदाचित किंमत न वाढता मजुरी वाढेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये त्या आधारे स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला. खाजगी जमिनीवरचा बांबू २०१७ मध्ये कायद्याने 'झाड' राहिला नाही. हे सगळे मी वाचले. झरी-जामणीच्या त्या पोडापर्यंत त्यातले काय पोचले, ते त्या बाईला पुढच्या वेळी विचारायचे आहे.

मागच्या महिन्यात आईला लसूण-कांदे ठेवायला टोपली हवी होती. मी त्याच ओळीत गेले. टोपलीचे शंभर सांगितले. मी काही न बोलता शंभराची नोट पुढे केली. बाईने नोट हातात घेतली, माझ्याकडे पाहिले आणि दुसऱ्या कोणाशी गाठ पडल्यासारखी थोडी गडबडली. मग तिने मागे ठेवलेल्या ढिगातून वीतभर रुंदीची एक लहान दुरडी काढली आणि माझ्या टोपलीत टाकली.

"राहू द्या, मावशी. किती द्यायचे हिचे?"

"हिचं काही नाही. घे बाई."

घरी आल्यावर मी वही उघडली. टोपलीपुढे शंभर लिहिले. दुरडीचे नाव लिहिले आणि पुढचा रकाना अजून मोकळाच आहे. शून्य लिहावे असे वाटत नाही. सध्या तिच्यात लसूण ठेवला आहे.